पांढऱ्या कुत्र्याची पिल्लं

नर लांडगा मेला तो रस्त्यावर. अर्धा डांबरावर, अर्धा कडेच्या मुरमावर. पहाटे कुठल्यातरी टेम्पोनं उडवलं असावं, कारण मी पोचले तेव्हा रक्त वाळून काळं पडलं होतं आणि जाणारेयेणारे गाड्या थांबवून फोटो काढत होते. एकानं त्याचा पुढचा पंजा हातात घेतला, पाहुण्याचा हात धरावा तसा, आणि मित्राला म्हणाला, काढ लवकर. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्यावर त्यानं विचारलं, "तुमचा होता का?" सगळे हसले.

माझा म्हणावा तर होताही. माण तालुक्यातल्या त्या माळावर लांडगे किती, ते खातात काय, मेंढपाळांचं नुकसान किती करतात, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. त्यावरून वनखातं माळाची देखभाल ठरवणार होतं: चराई कुठं बंद ठेवायची, पाणवठे कुठं बांधायचे, गवत कधी कापू द्यायचं. मी मूळची आष्ट्याची. आमच्याकडे जमीन म्हणजे ऊस, आणि ऊस नसेल ती नुसती पड. त्या पड जमिनीवर मी लांडग्यांच्या विष्ठा गोळा करत फिरते हे आईला चारचौघांत सांगता यायचं नाही. 'फॉरेस्टात आहे' म्हणायची आणि विषय बदलायची.

त्या माळावर लांडग्यांचं एकच जोडपं उरलं होतं. पलीकडच्या माळांवर आणखी होते, पण मधे मोठा रस्ता आला, कालवा आला, नांगरट आली. तिकडून नवा नर यायचा तर त्याला हे सगळं ओलांडून जिवंत पोचायला हवं होतं. नर मेल्यावर मादी एकटी राहिली. संध्याकाळी ती टेकाडावर येऊन ओरडायची आणि मग थांबून ऐकायची. उत्तर यायचं नाही. पुन्हा ओरडायची. मी वस्तीच्या अंगणात बसून ते ऐकायचे, आणि मामी चुलीपुढून म्हणायच्या, "रांडमुंड झाली बिचारी."

ही वस्ती माळाच्या कडेला होती. मामा-मामी म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. त्यांच्याकडे मी एक खोली घेऊन राहत होते आणि जेवायलाही त्यांच्यातच होते. मामा पिढीजात मेंढपाळ. पूर्वी दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन नदीकाठच्या ऊसपट्ट्यात उतरायचे, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. मग गुडघा गेला. दोन्ही मुलं मुंबईला हमालीत. तेव्हापासून मामांनी थोडीच मेंढरं ठेवली आणि बारा महिने माळावरच चारायला लागले. मदतीला माणूस नव्हतं. होतं ते कुत्रं.

ते पांढरं होतं, उंच, एका कानावर काळा डाग. मेंढरं जाळीच्या कुंपणात, तिकडं ज्याला वाघर म्हणतात त्यात कोंडली की ते कडेनं एक फेरी मारायचं आणि मगच बसायचं. त्याचं पोट भरल्याशिवाय मामा ताटावर बसत नसत. दुधात भाकरी कुस्करून स्वतः त्याच्यापुढं ठेवायचे. मामी मला सांगायच्या, पोरांना कधी असं भरवलं नाही या माणसानं.

दिवाळीच्या सुमाराला पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यात एक फोटो आला. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा, झाडाला बांधून ठेवायचा कॅमेरा असतो तो. दिवसाउजेडीचा फोटो होता. मादी आणि मामांचं कुत्रं शेजारी शेजारी पाणी पीत होते. पुढच्या फोटोत मादीनं मान त्याच्या पाठीवर टाकली होती. त्याच्या पुढचे फोटो बघून शंका उरली नाही. मी पुण्याला सरांना कळवलं. हा सगळा अभ्यास त्यांच्या हाताखाली चालला होता. त्यांनी सगळे फोटो मागवून पाहिले. मग म्हणाले, कुणाला बोलू नकोस, आधी पिल्लं होतात का बघू.

पिल्लं झाली. थंडी सरता सरता ओढ्याच्या घळीत ती मला दुर्बिणीतून दिसली. चार होती. दोन आईसारखी मातकट, एक पिवळसर, आणि एक पांढरं, कानाला काळा ठिपका असलेलं. ते पांढरं सगळ्यांत मोठं होतं आणि इतरांना खाली पाडून त्यांच्या मानेवर उभं राहायचं. मादी शिकार करून आली की चौघं तिच्या तोंडाला झोंबायची. कुत्रंही तिथं जायचं. दुपारी मेंढरं झाडाखाली बसली की ते घळीकडं जाऊन यायचं आणि मेंढरं उठायच्या आत परतायचं. मामांना वाटायचं, पाण्याला जातंय.

त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या वस्त्यांवरची कोकरं गेली. मामांचं एकही गेलं नाही. मामा कुत्र्याच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगायचे, "ह्यो हाय तवर लांडग्याची काय टाप हाय?"

पिल्लांच्या विष्ठेचे नमुने प्रयोगशाळेत गेले. निकाल आला तो आम्हाला माहीत होता तोच. मग सर आले आणि आम्ही वनखात्याच्या साहेबांकडे गेलो. साहेब या भागात नवे होते, कामाला चोख होते, आणि लांडग्यांबद्दल त्यांना खरंच कळकळ होती. सरांनी त्यांना समजावलं की देशात लांडगे आधीच थोडे, कुत्री अमाप. कुत्र्याचं रक्त एकदा यांच्यात शिरलं की पसरत जाईल आणि काही पिढ्यांनी लांडगा म्हणावा असा लांडगा उरणार नाही. पिल्लं वयात यायच्या आत पकडायची, त्यांची नसबंदी करायची आणि जन्मभर पिंजऱ्यात ठेवायची. मादी शुद्ध आहे, तिला सोडून द्यायचं. सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तेव्हा मान हलवली आणि आजही त्यात चूक काढता येत नाही.

मध्ये एकदा मी घरी गेले होते. जेवताना काकांनी लांडग्यांचं विचारलं म्हणून सगळं सांगितलं. काका मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर हाय तुमच्या सायबाचं. रगत राखाय लागतंय. एकदा का भेसळ झाली की संपलं." माझी थोरली चुलतबहीण, काकांचीच मुलगी, दुसऱ्या जातीत लग्न करून गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिला दोन मुलं आहेत. ती मिरजेला असते, तासाभराच्या अंतरावर, आणि काकांनी नातवंडांची तोंडं पाहिलेली नाहीत. काकू माझ्या ताटात आमटी वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पळीतली आमटी नीट वाटीतच पडली. मग त्या आत गेल्या आणि परत वाढायला आल्या नाहीत. काकांनी आतल्या दिशेनं बघून ठसक्यात विचारलं, भात आणायचा का नाही? भात आईनं आणला.

पिल्लं पकडायच्या आधी गावाला सांगणं भाग होतं, नाहीतर लोक आड आले असते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर साहेबांनी फोटो दाखवले. माझी समजूत होती की ते पिल्लांचेच दाखवतील. पण साहेबांना लोकांना पटवायचं होतं, आणि पटवायला पुरावा लागतो असं त्यांचं मत. पाणवठ्यावरचा फोटो भिंतीवर आला. मग मागून एकजण म्हणाला, "आरं, हे तर मामाचं पांढरं." दुसरा लगेच म्हणाला, "मामा, तुमी तर लांडग्याचं व्याही झाला की." सभा इतकी हसली की साहेबही हसले. मामा पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. तेही हसायला लागले. सगळ्यांबरोबर हसावं लागतं तसं, तोंड उघडं ठेवून. डोळे भिंतीवरच होते.

हसणं संपल्यावर ज्यांची कोकरं गेली होती त्यांतला एकजण उठला. तो मामांच्या बरोबरीचा, एकेकाळी दोघांनी एकत्र मेंढरं नेलेली. त्यानं हिशेब मांडला: आमची गेली आणि ह्यांचं एकही गेलं नाही. का गेलं नाही ते आता भिंतीवर दिसतंय. कुत्रं बायकोला दुसऱ्याच्या घरचं खायला घालतंय आणि मालक मिशीला पीळ देतोय. मामांनी सांगायचा प्रयत्न केला की त्यांना ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "ठावं असू नायतर नसू. ते कुत्रं हाय तवर तुमची मेंढरं गावाच्या तलावाला लागणार न्हाईत."

उन्हाळा तोंडावर होता, आणि ओढा, पाणवठे आटले की गावाच्या तलावाशिवाय मेंढरांना दुसरं पाणी नव्हतं. मी साहेबांना बाजूला घेऊन विनवलं, तुम्ही बोला काहीतरी, तुमचं ऐकतील. साहेबांनी मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, कुत्रा वन्यप्राणी नाही. ते माझ्या हातात येत नाही."

घरी येताना मी मामांना म्हटलं की कुत्रं मी आष्ट्याला नेते, आमच्या रानात राहील. मामा चालत राहिले. वस्ती दिसायला लागल्यावर म्हणाले, "मेंढरामागं वाढल्यालं कुत्रं उसात काय करंल? साखळीला बांधून घालशीला." मी म्हटलं, जगेल तरी. त्यावर ते वाघराकडं वळले आणि मेंढरं मोजायला लागले. मला वाटलं, विचार करताहेत.

सकाळी मी कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायला गेले आणि ऊन चढल्यावर परत आले. मामी दारात बाजरी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागल्या अंगाला जाऊ नगंस." मी गेले. हिवराच्या झाडाला कुत्रं टांगलेलं होतं. मागचे पाय जमिनीला टेकतील न टेकतील असे. मातीत नखांनी उकरल्याचे खोल चर होते. बराच वेळ लागला असणार. खाली थाळी पडली होती आणि तिच्यात दुधाचा ओलावा होता. त्याला खायला घालून, मग दोरी घालून नेलं होतं, आणि ते शेपूट हलवत गेलं असणार, कारण मामांमागं ते नेहमी तसंच जायचं. मामा थोडे लांब दगडावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मला बघून म्हणाले, "गावातनं माणसं येऊन बघून गेली. आता पाण्याचं मिटलं."

मी दोरी सोडायला गेले तर म्हणाले, राहू द्या, आणखी दोघं यायचे आहेत बघायला.

पिल्लं चार-पाच दिवसांनी पकडली. घळीची दोन्ही तोंडं जाळ्यांनी बंद केली आणि वरून माणसांनी गलका केला. मातकट दोन लगेच अडकली. पिवळसर कपारीत शिरलं, त्याला काठीनं ढोसून बाहेर काढावं लागलं. पांढरं पळालं नाही. जाळ्याशी उभ्या असलेल्या वनरक्षकाकडं ते सरळ चालत आलं आणि त्याचा बूट हुंगायला लागलं. त्यानं त्याला मानगुटीला धरून उचललं. मादी समोरच्या टेकाडावर भर उन्हात उभी होती. कुणी तिच्या दिशेनं दगड मारला, ती चार पावलं मागं सरली आणि पुन्हा तिथंच आली.

जीपमध्ये पिंजरे एकावर एक ठेवले. साहेबांना वाटेत एका बैठकीला थांबावं लागलं आणि गाडी उन्हात उभी राहिली. मी ड्रायव्हरला सावलीत घे म्हणत होते, तो म्हणाला, साहेबांनी इथंच थांब सांगितलंय. मी बाटलीतलं पाणी पिंजऱ्यांवर ओतत राहिले. वरच्या पिंजऱ्यातलं मातकट पिल्लू धापा टाकता टाकता थांबलं. मी हाक मारली तेव्हा ड्रायव्हर चहा पीत होता. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अजून तीन हायत की."

पिल्लं गेल्यावर मादी दोन संध्याकाळ घळीत येऊन हुंगत राहिली. त्यानंतर एका पहाटे ती मामांच्या वाघरात उतरली. आता कडेनं फिरणारं कुणी नव्हतं. उजाडताना मामींची हाक ऐकून मी बाहेर आले. आत मेंढरं पडली होती, गळे फाडलेली, काही अजून पाय झाडत होती. खाल्लेलं एकही नव्हतं. लांडगा कधीकधी असं करतो; कोंडलेली जनावरं पळू शकत नाहीत आणि त्याचं मारणं थांबत नाही. ते मला पुस्तकातून माहीत होतं. मामा एकेका जिवंत मेंढीजवळ जाऊन तिची मान मांडीवर घेत होते आणि सुरीनं मोकळं करत होते. मी मदत करू का विचारलं. म्हणाले, "तुमी फोटू काढा. तुमचं काम हाय ते."

मी फोटो काढले. पंचनाम्याला लागणार होते.

आठवडाभरानं मामा माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ताई, त्येचं एक पिल्लू मला द्या म्हणावं सायबास्नी. ते पांढरं. मी बांधून ठेवीन, माळावर सोडणार न्हाई."

मी सांगितलं, देता येणार नाही, कायद्यात बसत नाही. त्याच्यात लांडग्याचं रक्त आहे.

"आन् कुत्र्याचं न्हाई व्हय?" मामा म्हणाले. "निम्मं तर माझंच हाय."

मी तरी सरांना विचारलं. सरांना वाईट वाटलं. ते म्हणाले, त्या माणसाला सांग, चांगल्या जातिवंत कुत्र्याचं पिल्लू मी माझ्या खर्चानं पाठवतो. मी मामांना तसं सांगितलं. मामांनी विचारलं, जातिवंत म्हणजे कसलं? मी सांगायला लागले तर हात करून मला थांबवलं आणि मेंढरांकडं गेले.

उरलेली मेंढरं त्यांनी पाऊस पडायच्या आत खाटकाला दिली. थोरल्या मुलानं मुंबईला बोलावून घेतलं. तिथं एका इमारतीच्या फाटकाशी ते आता राखणीला बसतात, गुडघ्याला सोसेल, उभं राहायला लागत नाही असं काम मिळालं म्हणून मुलगा खूश आहे. मामी गेल्या नाहीत. दोन शेळ्या आणि घर सोडून कसं जायचं, म्हणाल्या.

माझं तिथलं काम संपलं तेव्हा सामान न्यायला मी वस्तीवर गेले. मामींनी चहा टाकला. माळावर पवन्या गवत कंबरेएवढं वाढलं होतं. चराई कमी झाली होती आणि आमच्या आराखड्यातल्या त्या भागाचं साहेबांनी कौतुक केलं होतं. मामींना मी विचारलं, मादी दिसते का. म्हणाल्या, दिसते. ओढ्याला येते, एकटीच असते, हाडं निघालीत. गावातली कुत्री लागतात तिच्यामागं. मग बशीत चहा ओतून माझ्यापुढं सरकवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तू आली न्हाईस तवाबी हे असंच चालत असंल बग. कुत्री जात असतील, पिल्लं हुत असतील. आमाला कुणाला ठावं न्हवतं. ठावं न्हवतं तवर बरं हुतं."

त्या रागावून बोलत नव्हत्या. मी चहा प्याले. निघताना त्यांनी रीतीप्रमाणं कुंकू लावलं आणि पुन्हा ये म्हणाल्या नाहीत.

पिल्लांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. ती ठेवली आहेत तिथं एका बैठकीसाठी गेले होते. आता ती पिल्लं राहिलेली नाहीत. मोठी झाल्यावर एकमेकांना फाडायला उठली म्हणून तिघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवलंय, मध्ये पत्रा, म्हणजे एकमेकांना दिसू नयेत. खाली सिमेंट. मातकट कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडलं होतं आणि माझ्या चाहुलीनं उठलं नाही. पिवळसर एकाच वाटेनं फिरत होतं. फरशीवर त्या वाटेचा पट्टा पडला होता. पांढऱ्याच्या नाकावर गजांवर घासून घासून जखम झाली होती. त्यानं मला पाहिलं, शेपूट हलवली, आणि मग लांडग्यासारखं तोंड वर करून कुत्र्यासारखं भुंकलं.

कोंबडीचे तुकडे घेऊन आलेल्या माणसाला मी विचारलं, किती वर्षं जगतील. तो म्हणाला, माळावर असती तर लवकर मेली असती, इथं खाणं चांगलं आहे, औषधपाणी वेळेवर आहे, बरीच वर्षं काढतील. त्यानं गजांतून तुकडा आत टाकला. पांढऱ्यानं तो उचलला नाही. माझ्याकडं बघत भुंकत राहिलं. त्या माणसानं गजावर बादली आपटली तसं ते गप्प झालं, आणि आम्ही बैठकीला गेलो.